दुसरा दगड

लडाखच्या वाटेवरच्या एएससी बटालियनमध्ये माझं पोस्टिंग झालं तेव्हा मी नाराज होतो. एएससी म्हणजे फौजेला रसद पोचवणारी शाखा. माझा ट्रेड ड्रायव्हर. भरतीला गेलो होतो रायफलच्या ओढीने आणि हातात आलं स्टिअरिंग. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावी सुट्टीवर आलो की पारावरची मंडळी हमखास विचारायची, "काय रे कदम, बॉर्डरवर तुझा कंडक्टर कोण हाय?" मी हसायचो, पण ते फार लागायचं. या सीझननंतर साहेबांसमोर उभं राहायचं आणि गाडीवरून सुटका मागायची, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

माझे को-ड्रायव्हर नाईक पंडित देवरे. सटाण्याकडचे. हुद्द्याने आणि वयानेही मोठे, म्हणून मी त्यांना उस्ताद म्हणायचो. बटालियनमध्ये देशभरातले लोक होते, त्यात एकाच जिल्ह्यातले दोघे एका केबिनमध्ये आलो. त्यामुळे ते बिनधास्त अहिराणीत बोलायचे. पारावरची थट्टा मी त्यांना सांगितली तर पोट धरून हसले. म्हणाले, "मंग मीच शे ना भो तुना कंडक्टर."

रस्ते उघडे असतात तेवढ्या महिन्यांत वरच्या पोस्टना हिवाळ्याची रसद पोचवायची, हे आमचं काम. सकाळी फॉल-इन, गाडीची तपासणी, ब्रीफिंग, मग एकामागे एक गाड्यांचा कॉन्व्हॉय सुटायचा. ओव्हरटेक नाही, दोन गाड्यांमधलं अंतर मोडायचं नाही. चढावर थांबावं लागलं की को-ड्रायव्हरने उडी मारून मागच्या चाकांखाली लाकडी गुटके सरकवायचे. लोड मोठा असला की जोडीला दोन दगड लागायचे.

गुटका सरकारी. गाडी हलली की तो सगळेच आठवणीने उचलून आणायचे. दगड कोणाचाच नसतो, तो रस्त्यातच राहायचा. उस्ताद मात्र दोन्ही दगड कडेच्या नालीत फेकल्याशिवाय केबिनमध्ये चढायचे नाहीत. मी गाडी पुढच्या सपाट जागेवर नेऊन थांबायचो आणि ते त्या विरळ हवेत धापा टाकत चालत यायचे. एकदा मी वैतागून म्हणालो, "उस्ताद, सोडा ना. या रस्त्याला दगडांचा काय तोटा?"

"पडेल दगड देवना शे," ते म्हणाले. "आपन ठेवेल आपला शे. मांगे कोनी तरी येस ना, भो."

पडलेला दगड देवाचा, पण ठेवलेला आपला, हे मला फाजील वाटलं होतं. तसं मी बोललोही.

त्या दिवशी गाडीत आटा, रॉकेल आणि कांदे होते. गोण्यांवर लासलगावच्या आडतीची छाप होती. उस्तादांनी ती बघून गोणीवर थाप मारली, जणू गावचा पाहुणाच भेटला. आमच्या मागे शेवटची गाडी सेल्व्हमची, तामिळनाडूचा माझ्याच वयाचा जवान. त्याच्या मागे कॉन्व्हॉय कमांडर सुभेदारसाहेबांची जीप.

दुपारी खिंडीच्या अलीकडे मोठ्या चढावर पुढची एक गाडी गरम झाली आणि सगळा कॉन्व्हॉय थांबला. उस्तादांनी उडी मारली, गुटके लावले, दगड लावले. अर्ध्या तासाने पुढून शिटी आली. मी गाडी उचलली. त्यांनी गुटके मागच्या फळीवरून आत टाकले आणि हाताने "चल" अशी खूण केली.

पुढचं मी आरशात पाहिलं. सेल्व्हमची गाडीही हलली होती. उस्तादांनी पहिला दगड नालीत टाकला. दुसऱ्याला वाकले. मग तो न उचलताच ताठ झाले आणि डोंगराकडे बघितलं. वरून बारीक खडे येत होते. माझ्या बाजूला धावले असते तर वाचले असते. ते खाली धावले, सेल्व्हमच्या गाडीकडे, दोन्ही हात वर करून. सेल्व्हमने ब्रेक मारला. त्याची गाडी थांबली आणि दरड आली. ती त्याच्या बंपरपुढे पडली. उस्ताद तिच्याखाली होते.

मी हँडब्रेक ओढला, चाकांना गुटके लावले आणि मागे पळालो. सेल्व्हम हातांनीच दगड ओढत होता. सुभेदारसाहेब रेडिओवर होते.

"रोड ब्लॉक. एक कॅज्युअल्टी. डोझर भेजो. ओव्हर."

"कॅज्युअल्टी की हालत बताओ. ओव्हर."

सुभेदारसाहेबांनी ढिगाऱ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "डोझर भेजो."

आम्ही उस्तादांना बाहेर काढलं. जीपमधून ते खाली गेले. सुभेदारसाहेब माझ्याजवळ आले.

"कदम, गाडी चला लोगे? नहीं तो दूसरा ड्रायव्हर देता हूँ."

मला सुटका हवी होती, ती समोर उभी होती. मी रस्त्याकडे बघितलं. ढिगाऱ्याच्या अलीकडे आमचा दुसरा दगड तसाच पडलेला होता. मी जाऊन तो उचलला, नालीत टाकला.

"चला लूँगा, साब."

त्या चढावर मी रडलो नाही. पोस्टवर पोचलो, तिथल्या कुकने गोणी उघडली तेव्हा मी सुरी मागितली आणि कांदे चिरत बसलो. आम्हा लासलगावकडच्या लोकांना कांदा झोंबत नाही. पण त्या दिवशी डोळ्यांतून धार लागली आणि भलेपणाने कोणी काही विचारलं नाही. बाहेर पोस्टवरचे जवान गोण्या उतरवत होते, हसत होते, आता हिवाळा निघेल म्हणत होते. आपण इथे का आहोत, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. साहेबांसमोर मी कधी उभा राहिलो नाही. पेन्शनपर्यंत गाडीच चालवली.

घरी आल्यावर गंगापूर रोडवरच्या एका सोसायटीत सिक्युरिटीची नोकरी चालून आली. खुर्ची, पंखा, दोन वेळचा चहा. बायको म्हणाली, "इतकी वर्षं वाट बघितली तुमची. आता तरी एका जागी बसा ना."

"बसलो तर आजारी पडेन," मी म्हणालो. तिने माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या दिवशी डबा बांधून दिला. तेव्हापासून लासलगाव ते वाशी, कांद्याची गाडी.

परवा रिकामी गाडी घेऊन कसारा घाट चढत होतो. समोर एक ट्रक बिघाड काढून नुकताच हलला होता आणि मागे, रस्त्याच्या मधोमध, त्याच्या चाकांचे दोन दगड. मी इंडिकेटर लावून गाडी कडेला घेतली, गुटका लावला आणि उतरलो. मला वाकलेला बघून पुढच्या ड्रायव्हरने ट्रक थांबवला, मान बाहेर काढली.

"काय पडलं का काका तुमचं?"

"माझं नाय," मी म्हणालो. "तुमचं राहिलं होतं."

तो ओशाळला. "लय घाई झाली, काका." खाली उतरायला लागला. मी हातानेच त्याला "चल" म्हटलं.

पहिला दगड मी नालीत टाकला. दुसऱ्याला वाकण्याआधी डोंगराकडे बघितलं. तेवढी सवय लागली आहे. आज पारावर कोणी विचारलं, कंडक्टर कोण, तर सांगेन: नाईक पंडित देवरे, सटाण्याकडचे. त्यांचा दुसरा दगड उचलायचा राहिला होता. तो मी अजून उचलतो आहे.