नागपूरहून आणलेला ट्रॅक्टर

विमल गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी मी तिच्यापाशी दवाखान्यात बसले होते. डोळे मिटलेले होते, मला वाटलं झोप लागली. हळूच उठायला गेले तर म्हणाली, "नलू, ट्रॅक्टरची सर्विस राहिली आहे. ऑइल, फिल्टर, सगळं बदलून घे. आणि तिथे जाऊन बसायचं, बरं का. नुसता पाठवायचा नाही." मी म्हटलं, "अशा वेळी माणसं देवाचं नाव घेतात, बाई." तर म्हणे, "देवाचं सगळं वेळच्या वेळी झालंय. ट्रॅक्टरचंच राहिलंय." पहाटे फोन आला. त्याला आता महिना होऊन गेला, पण लिहायला बसलं की हात जड होतो... या वयात दर थोड्या दिवसांनी कुणीतरी जातं. रडायचाही कंटाळा येतो, हे कुणाला सांगायची सोय नाही.

आम्ही दोघी भोपाळला, पिपलानीच्या टाउनशिपमध्ये शेजारच्या क्वार्टरांत राहायचो. दोघींचे नवरे कारखान्यात, दोघी लग्न होऊन विदर्भातून आलेल्या. भोपाळ म्हणजे आम्हा सगळ्यांच्या लेखी लांबलेला मुक्काम. रिटायर झालं की सामान बांधायचं. त्यात मी सगळ्यांच्या पुढे. भोपाळात मी फक्त दूध आणि भाजी घेत असे. तिखट नागपूरचं, पापड नागपूरचे, ब्लाउजसुद्धा नागपूरच्या शिंप्याकडून. मापं दिवाळीत द्यायची, ब्लाउज उन्हाळ्यात मिळायचे, तोवर मी त्या मापाची राहिलेली नसायची. एकदा दाढ ठणकत होती तरी सुट्टी लागेपर्यंत लवंग धरून बसले, कारण आमचा दातांचा डॉक्टर नागपूरला, धंतोलीत. तेव्हाच्या त्या बाईला आज दोन धपाटे घालावेसे वाटतात, पण ती माझ्याच अंगात राहते, त्यामुळे लागणार मलाच.

विमलच्या यजमानांनी टाउनशिपच्या पलीकडे, रायसेनच्या बाजूला थोडी जमीन घेतली होती. रिटायर झाल्यावर शेती करायची त्यांची हौस. रिटायर व्हायच्या आतच ते गेले. मूलबाळ नव्हतं. क्वार्टर वर्षभर ठेवायची परवानगी मिळाली, आणि तेराव्यालाच दीर म्हणाले, "वहिनी, वर्षभर करून बघा. नाही जमलं तर जमीन विकू आणि तुम्ही नागपूरला या. मागची खोली रिकामीच आहे." ती मागची खोली विमलने पाहिली होती. तिथे जुन्या गाद्या, मोडका पंखा आणि दिरांची विधवा आत्या, असं सगळं एकत्र राहून गेलं होतं. माझ्याजवळ ती एवढंच म्हणाली, "गहू घरात आला तर मी इथे राहीन. नाही आला तर त्या पंख्याशेजारी." भाड्याचा ट्रॅक्टर ऐन पेरणीत कुणाला मिळत नाही, म्हणून तिने स्वतःचा घ्यायचं ठरवलं.

डीलर दोन. एक इथलाच, शेताच्या वाटेवर. पुढे कळकट ऑफिस, मागे पत्र्याचं वर्कशॉप. सेठजी आम्हाला बघून खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत, म्हणाले, "गाड़ी तो सब जगह एक जैसी है, बहनजी. मिस्त्री पीछे बैठता है, उसको देख लीजिए." मला तो अपमान वाटला. दुसरा नागपूरचा. तिथे माझा मामेभाऊ बाळू कामाला, काचेची शोरूम, गेल्यागेल्या थंड सरबत. "ताई, एक फोन करायचा. मी माणूस पाठवतो." विमलने विचारलं, "इतक्या लांब येईल का गं माणूस?" मी ठसक्यात म्हटलं, "आपला माणूस आहे. इथल्यांचा काय भरवसा?" इथे राहून आम्हाला तेव्हा वीस वर्षं होत आली होती. ट्रॅक्टर ट्रकवर चढून, झेंडूची माळ घालून पिपलानीत उतरला तेव्हा सगळी गल्ली स्कूटरी थांबवून बघत होती. मी ताम्हन घेऊन त्याला ओवाळलं. आता आठवलं की वाटतं, त्या ट्रॅक्टरलाही लाज वाटली असेल.

सोयाबीन निघालं, जमिनीत ओल होती, गव्हाची पेरणी सुरू झाली आणि ट्रॅक्टरची लिफ्ट बसली. म्हणजे मागे जोडलेलं पेरणीयंत्र वर उचलेना. ते उचललं नाही तर वळता येत नाही, आणि वळलं नाही तर एकच ओळ पेरत थेट विदिशाला जावं लागेल. एसटीडी बूथवरून मी बाळूला फोन केला. "माणूस निघतोच आहे." मग "ताई, सीझन आहे, समजून घ्या." मग, "असं करा ना, ट्रकवर घालून इकडेच पाठवून द्या." विमल रोज सकाळी शेतात जायची, माती उकरून मूठ वळून बघायची. मूठ वळेनाशी व्हायला लागली तेव्हा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला दोर बांधून आपला इथल्या सेठजींच्या दारात ओढत नेला.

अंगणात ट्रॅक्टरांची रांग. सेठजींनी बॉनेटवरचं नागपूरचं स्टिकर वाचलं. "बहुत रश है, बहनजी. पहले अपने ग्राहक." मी फ्री सर्विसची कुपनं पर्समधून काढली, कंपनी एकच आहे, नियमाने तुम्हाला करावंच लागेल, वगैरे सुरू केलं. ते शांतपणे म्हणाले, "शादी नागपुर में की, बीमार पड़ी तो हमारे यहाँ ले आईं."

मी कुपनं परत पर्समध्ये टाकली. विमलने पदर सारखा केला. म्हणाली, "बहू तो दूर से ही लाते हैं, सेठजी. इलाज ससुराल में होता है. हम दोनों को भी वहीं से लाए थे."

सेठजींनी आमच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि चहा मागवला. रांग मात्र तीच राहिली. रश खरंच होता. दुसऱ्या दिवसापासून विमल तिथे जाऊन बसायला लागली. बाक लोखंडी, गार. म्हणून माझ्या त्या घट्ट झालेल्या नागपुरी ब्लाउजांचे तुकडे जोडून तिने एक गादी शिवून नेली. तगादा लावायची नाही. मटार सोलत बसायची, आलेल्या शेतकऱ्यांना गाव विचारायची, कुणाची ओल किती टिकली ते विचारायची. मी सोबत जायचे आणि मनात बाळूला शिव्या द्यायचे. नंबर आला, लिफ्ट उघडली, आतलं सील गेलं होतं. संध्याकाळी यंत्र वर उचललं गेलं. पेरणी उशिरा झाली, एका कोपऱ्यातली ओल उडाली होती, तिथे पाणी देऊन पेरावं लागलं. पण गहू आला. दीर वहिनींना न्यायला आले आणि गव्हाचं पोतं घेऊन परत गेले.

मग शेताच्या कडेला दोन खोल्या झाल्या. कॉलनीतली माणसं रिटायर होत गेली, आम्ही एकेकाला स्टेशनवर पोचवून येत राहिलो. कुणी नागपूरला, कुणी पुण्याला. मी तेवढी गेले नाही. इथेच भोपाळात, शाहपुऱ्यात घर घेतलं, आणि आता माझा शिंपी खालच्या चौकात बसतो. विमल दर सर्विसला वर्कशॉपमध्ये जाऊन त्याच बाकावर बसायची. दुसरी कामं ती नुसत्या निरोपावर करवून घ्यायची, हे मात्र नाही. तिथले लोक तिला अम्मा म्हणायला लागले, आणि ती गादी तिने कधी घरी आणलीच नाही.

ती आजारी पडली तेव्हा दिरांचा मुलगा, मनोज, तातडीने आला. भला आहे तो. म्हणाला, "काकू, नागपूरला मोठे डॉक्टर आहेत, आपल्या ओळखीचे. ॲम्ब्युलन्स करतो." विमल माझ्याकडे बघून म्हणाली, "नलू, याला सांग, इलाज कुठे होतो ते." मला हसू आलं. मनोजला काही कळलं नाही; त्याला वाटलं, म्हाताऱ्या भ्रमल्या. मी तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभी राहिले, कारण त्या हसण्याचं पुढे काय होणार ते मला माहीत होतं...

परवा मनोजचा फोन आला. जमिनीचं सावकाश बघू म्हणाला, पण ट्रॅक्टर उभा राहून खराब होईल. नागपूरचा एक डीलर जुन्या गाड्या घेतो, ट्रकवर घालून पाठवून द्या. मी म्हटलं, "सर्विसला दिलाय रे. झाली की बघू." आणि फोन ठेवून खरंच दिला.

गहू मळून झालाय, शेतं मोकळी, वर्कशॉप रिकामं. पंख्याखाली मिस्त्री पेपर वाचत होता. सेठजी आता काठी घेऊन चालतात. बाकावर ती गादी होती, रंग उडालेली, मधे खोलगट. "बैठिए, अम्मा की है," मिस्त्री म्हणाला. मी जरा कडेला टेकले.

सेठजी म्हणाले, "काम तो घंटे भर का है, बहनजी. शाम को ले जाइए."

मी म्हटलं, "भतीजा पूछेगा, गाड़ी नागपुर कब भेज रहे हैं. उसे क्या बताऊँ?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या रिकाम्या अंगणाकडे. तिथे एकच ट्रॅक्टर उभा होता.

"बता दीजिए," ते म्हणाले, "बहुत रश है."