पाहणीच्या वेळी डुकरे घरी नव्हती

आमचे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले त्याच्या चौथ्या वर्षी, पावसाळा सरता सरता, कसबा बावड्याच्या कडेला राहणाऱ्या एका विधवा बाईची तीन डुकरे आठवड्याभरात रोगाने मेली. उरली अकरा. तिचे घर त्यांच्यावरच चालत होते.

सरकारने डुकरे पाळणाऱ्यांना फुकट लस जाहीर केली होती. अट एकच: अधिकाऱ्याने जनावरे समक्ष पाहून मोजायची. मी तेव्हा एका स्थानिक दैनिकात बातमीदार होतो. ती बातमी मीच लिहिली. संपादकांनी मथळ्यातले 'डुक्कर' काढून 'पशुधन' घातले, कारण शेजारच्या रकान्यात नवरात्रातल्या पूजेच्या वेळा होत्या. पुढचे दोन दिवस जनावरांच्या दवाखान्यात म्हशीवाले अर्ज घेऊन येत राहिले.

बाईनेही अर्ज केला. दवाखान्याचे अधिकारी बावड्याला आले ते सकाळी अकराला. डुकरांचे खोपटे रिकामे होते. डुकरे उजाडताच सुटत, दिवसभर ओढ्याकाठी आणि उसाच्या बांधांवर पोट भरत आणि दिवेलागणीला बाईच्या हाळीवर परत येत. अधिकाऱ्यांनी नोंद केली, 'जनावरे आढळली नाहीत.' दुसऱ्यांदा ते दुपारी तीनला आले. नोंद तीच झाली. या खेपेला मी बरोबर होतो.

बाई म्हणाली, "सायब, डुकरं काय हापिसात बसत्यात व्हय? सांजच्याला या की. समदी हुबी करते."

कार्यालय पाचला बंद होते, असे अधिकाऱ्यांनी तिला समजावून सांगितले. ते सभ्य गृहस्थ होते. नाकावरचा रुमाल त्यांनी बोलण्यापुरता काढला.

"मग त्यास्नीबी तुमची येळ सांगून जावा," ती म्हणाली.

शेवटी असे ठरले की सोमवारी पाहणी होईल आणि तोवर बाईने सगळी डुकरे कोंडून ठेवायची. तिने रविवारीच खोपट्याला फळ्या ठोकल्या. सोमवारी अधिकाऱ्यांची जीप मंत्र्यांच्या दौऱ्यावर गेली. मंगळवारीही दौराच होता. आत दोन डुकरे आजारी होती. बाईने सोडण्याची परवानगी विचारायला माणूस पाठवला. सोडल्यास अर्ज रद्द होईल, असे उत्तर आले.

अधिकारी शुक्रवारी आले. त्यांनी रस्त्यावरूनच मोजणी केली. जिवंत डुकरे चार भरली. लसीची मागणी त्याच दिवशी पुण्याला गेली.

लस बर्फात घालून आठ दिवसांनी आली. तेव्हा एक डुकरीण उरली होती. तिला लस टोचण्यात आली. अहवालात लिहिले गेले की अर्जदाराच्या सर्व जनावरांना लस देण्यात आली आहे. आमच्या दैनिकाने ते चौथ्या पानावर छापले. छापण्यापूर्वी मी दवाखान्यात जाऊन खात्री करून घेतली होती.

त्याच आठवड्यात बाईने ती डुकरीण कागलच्या बाजारात नेऊन विकली.