मावशीचं सार्वमत

ब्रिटनमध्ये लोकशाही आहे, असा एक समज जगभर पसरलेला आहे. माझ्या बायकोच्या मावशीला तो अजिबात मान्य नव्हता. "चार-पाच वर्षांतून एकदा कागदावर फुली मारायची आणि मग पुढची निवडणूक येईपर्यंत टीव्हीसमोर बसून कपाळावर हात मारायचा, याला लोकशाही म्हणत नाहीत रे," असं ती म्हणायची, आणि म्हणताना ऐकणाऱ्याच्या कपाळाकडे अशी बघायची की त्याने आपण होऊन तिथे हात मारून घ्यावा.

मी पुण्याहून बेसिंगस्टोकच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करायला गेलो, ती नव्या शतकाची पहिलीवहिली वर्षं होती. बायको मागून येणार होती. "मावशीला फोन कर, ती सगळं बघते," असं तिने बजावलं होतं. मावशी साउथहॅम्प्टनजवळच्या एका गावात राहायची. पहिल्याच शनिवारी मी ट्रेनने गेलो, तर ती स्टेशनवर हजर. तोवर माझ्याकडे धड गरम कोट नव्हता, बँकेत खातं नव्हतं, खोलीच्या खिडकीला पडदा नव्हता. गाडीत बसल्या बसल्या मावशीने विचारलं, "मतदार यादीत नाव घातलंस?"

"मावशी, मी भारताचा नागरिक आहे."

"म्हणूनच तर! कॉमनवेल्थचा माणूस इथे राहत असला की त्याला मत असतं. यांच्या बापजाद्यांनी आपल्याला न विचारता राज्य केलं. आता हे विचारतायत, तर उत्तर नको द्यायला?"

अशा रीतीने राणीच्या राज्यात मला उबेच्या आधी मत मिळालं. आमच्या मराठी मंडळात पुण्या-नागपूरहून नवीन आलेला पोरगा दिसला की मावशी त्याच्या हातावर आधी मतदार नोंदणीचा कागद ठेवायची, मग गणपतीचा प्रसाद.

पेशाने ती दातांची डॉक्टर. राजकारणाचं वेड कुणालाही लागावं, पण दातांच्या डॉक्टरला लागू नये. पेशंट आडवा, तोंड उघडं, तोंडात आरसा, कापूस आणि ती थुंकी ओढणारी नळी. मावशी वरून वाकून विचारणार, "मला सांगा, हाउस ऑफ लॉर्ड्समधल्या एका तरी माणसाला तुम्ही निवडून दिलंय?" पेशंट म्हणायचा, "आँ." "बघा!" मावशी म्हणायची, आणि ते मत आपल्या बाजूला जमा करायची. गावातल्या एका निवृत्त पोस्टमनने दाढ काढून निघताना, अर्धा जबडा बधिर असताना, तिच्या अर्जावर सही केली. प्रत्येक कायदा जनतेच्या मताला टाकावा, अशी ती मागणी होती. आपण काय मागितलं हे त्याला भूल उतरल्यावर कळलं. तो दुसऱ्या दिवशी भांडायला आला आणि तासाभराने तिचा पहिला कार्यकर्ता होऊन परत गेला. पुढे दर शनिवारी बाजारातल्या चौकात टेबल मांडून दोघं उभी असायची. पुणेरी इंग्रजीत मावशी खणखणीत आवाजात विचारायची, "तुमच्यावर राज्य कोण करतं?" एकदा एक म्हातारा थांबून गंभीरपणे म्हणाला, "माझी बायको." मावशीने त्याला पत्रक दिलं आणि सांगितलं, "तिलाही वाचायला द्या."

घरात तर प्रत्येक गोष्टीला मतदान. काका साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते आणि स्वभावाने आपल्याच औषधाचा नमुना वाटावा इतके शांत. लेक नोकरीसाठी दूर गेल्यापासून दोनच माणसांच्या घरात मतं समसमान पडायची. समसमान पडली की अध्यक्षाचं निर्णायक मत, आणि अध्यक्षपद मावशीकडे. त्यामुळे काकांनी कित्येक वर्षं जिंकणं हा प्रकार अनुभवला नव्हता. पाहुणा आला की त्यांचा चेहरा उजळायचा. मावशी कोट काढून ठेवतेय तोवर ते मला स्वयंपाकघरात ओढून कुजबुजायचे, "कारल्याला हात वर करू नकोस हं. बटाट्याला कर. मी तुला संध्याकाळी स्टेशनवर सोडतो." हा सरळसरळ भ्रष्टाचार होता, पण बटाट्याची भाजी फार चांगली व्हायची.

लोक स्वित्झर्लंडला बर्फ बघायला जातात. मावशी मतदान बघायला गेली. तिथल्या काही भागांत म्हणे सगळं गाव चौकात जमतं आणि हात वर करून कायदे करतं. काका बिचारे डोंगर बघायला मिळतील म्हणून गेले आणि चौकात उभं राहून परक्या लोकांच्या बगला बघून आले. "कसं होतं?" मी विचारलं. "डोंगर होते," काका म्हणाले. "मागे."

आणि मग ती खासदारकीला उभी राहिली. अपक्ष. तिचं वचन एकच होतं: प्रत्येक प्रश्नावर मतदारसंघाला विचारीन आणि लोक सांगतील तसंच मत देईन. "माझं स्वतःचं मत काहीही नसेल," असं तिने गावच्या हॉलमध्ये भर सभेत जाहीर केलं, तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्या काकांना चहाचा असा ठसका लागला की सभा थांबवावी लागली. इस्त्रीपासून इराकपर्यंत जिला मत नाही असा विषय पृथ्वीवर नव्हता. निकालाचा फोटो स्थानिक पेपरात आला होता. मंचावर सगळ्यात शेवटी मावशी, निळ्या नऊवारीत, आणि तिच्या शेजारी कोंबडीचा पोशाख घालून उभा राहिलेला एक उमेदवार. कोंबडीला मावशीपेक्षा जास्त मतं होती. फोटोत मावशी त्या कोंबडीचा पंख हातात घेऊन अभिनंदन करत होती. "लोकांचा कौल आहे," ती मला फोनवर म्हणाली. "आणि मुलगा फार सज्जन आहे रे. त्याच्या एका दाढेत कीड आहे, त्याला सोमवारी बोलावलंय."

तिला खरं सार्वमत मिळालं ते त्यानंतर, आणि अगदी दाराशी. गावाच्या मधोमध एक हिरवळ होती. शेजारच्या सरकारी दवाखान्यात येणाऱ्यांना गाडी लावायला जागा नव्हती, म्हणून तिथे वाहनतळ करावा अशी टूम निघाली. मावशी पेटली. गावात पहिलं भारतीय कुटुंब तिचं. सुरुवातीला लोक हसायचे, पण बोलायचे नाहीत. तिची तेव्हा लहान असलेली लेक रोज कुंपणाशी उभी राहायची, आणि एका दुपारी गावातल्या पोरांनी तिला खेळायला आत बोलावलं, ते याच हिरवळीवर. पॅरिश कौन्सिल म्हणजे इथली ग्रामपंचायत. सभेत पुरेशा लोकांनी मागणी केली तर गावाचं मतदान घ्यावं लागतं, हा नियम मावशीने शोधून काढला, माणसं उभी केली आणि मतदान मिळवलं. महिनाभर ती घरोघर फिरली. मीही रविवारी बेसिंगस्टोकहून जाऊन तिच्याबरोबर दारं वाजवली. पोस्टमनच्या दारात मात्र तो आत या म्हणाला नाही. काठी घेतलेली त्याची बायको मागे उभी होती.

"तिला बसस्टॉपपासून चालवत नाही आता," तो म्हणाला. "आणि गाडी कुठे लावू?"

मावशीने त्या काठीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मतदान करायला मात्र या. दोघंही."

मावशी हरली. फार नाही, पण हरली. दुसऱ्या दिवशी कौन्सिलचे चेअरमन घरी आले. निवृत्त नौदल अधिकारी, त्यांनाही हिरवळ हवी होती. मी आणि बायको तिथेच होतो. चहाचा कप हातात घेऊन ते हळूच म्हणाले, "डॉक्टर, हे मतदान कौन्सिलवर बंधनकारक नाही. मत द्यायला आलेही थोडेच. कौन्सिलमधले बरेच जण आपल्या बाजूचे आहेत. तुम्ही नुसतं हो म्हणा, ठराव फेटाळून टाकू."

काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मला वाटलं, वाचली हिरवळ. बायको तर मावशीचा हात दाबत होती.

मावशी उभी राहिली. आवाज चढला नव्हता, हीच भीतीची गोष्ट होती. "इतकी वर्षं मी चौकात उभी राहून काय ओरडतेय? लोकांना विचारा म्हणून. आता विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि तुम्ही म्हणता ऐकू नका? माझ्यासाठी?"

"पण तुमचंच नुकसान आहे यात."

"असू दे. ठराव फेटाळलात तर मी तुमच्याविरुद्ध टेबल मांडीन."

चेअरमन चहा न संपवता उठले. दार लागल्यावर मावशी स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ कप विसळत राहिली. कप एकच होता. काका उठून तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले, हातात कोरडं फडकं घेऊन.

खोदकाम सुरू झालं त्या सकाळी मी योगायोगाने तिच्याकडे होतो. "चल," म्हणाली. आम्ही कुंपणाशी जाऊन उभे राहिलो. यंत्राने गवताची पहिली लांब पट्टी गालिचा गुंडाळावा तशी उचलली. खालची माती काळीभोर, ओली होती. त्याच हिवाळ्यात मावशीकडे मुक्कामाला असताना दिवस गेलेल्या बायकोला घेऊन मी त्या दवाखान्याभोवती गाडीच्या फेऱ्या मारल्या होत्या आणि शेवटी तिला पावसात उतरवून दिलं होतं. त्याची मावशीला कल्पना होती.

"तू या गावात राहत असतास," ती यंत्राकडे बघत म्हणाली, "तर कुठल्या बाजूने मत दिलं असतंस?"

मी तोंड उघडलं.

"राहू दे," ती पटकन म्हणाली. "मत गुप्त असतं."

मग ती वळली. एरवी तिच्याबरोबर चालायचं म्हणजे मागून धावायचं. त्या दिवशी तिने माझा दंड धरला, आणि घर येईपर्यंत सोडला नाही.