घरचा नकार

काका बँकेत आहेत, एवढंच बऱ्याच नातेवाइकांना ठाऊक होतं. एका लग्नात मेव्हण्याच्या व्याह्यांनी त्यांना बाजूला घेऊन घरकर्जाचा दर विचारला, तेव्हा काकूंना हसू आवरेना. काकांची बँक होती कातडीची. इस्पितळाच्या मागच्या बाजूला दोन खोल्या, त्यात एक मोठा फ्रीज, आणि फ्रीजमधल्या बरण्यांत मेलेल्या माणसांनी जाता जाता देऊन ठेवलेली कातडी. खूप भाजलेल्या माणसाचं अंग उघडं पडतं, आतलं पाणी झिरपून जातं, जंतूंना रान मोकळं मिळतं. अशा वेळी ही परकी कातडी जखमेवर घालतात. काही आठवड्यांनी शरीर ती झिडकारतं, पण तोवर त्याची स्वतःची कातडी सावरायला उसंत मिळते. काका म्हणायचे, पाऊस ओसरेपर्यंत मागून आणलेली छत्री आहे ही, छत्री परत गेली तरी माणूस कोरडा राहतो.

माणूस गेल्यावर सहा तासांच्या आत कातडी काढावी लागते. म्हणजे घरात रडारड चालू असतानाच जाऊन मागायचं. हे काम येरागबाळ्याचं नव्हे. काका आणि त्यांच्यासोबतची सिस्टर, दोघं वर्षानुवर्षं ते करत आले. काका आधी पाणी मागत, मग गेलेल्या माणसाविषयी विचारत, ऐकत बसत. मांडीची आणि पाठीची अगदी पातळ कातडी निघते, चेहऱ्याला धक्का लागत नाही, हे सांगत. समोरच्यानं नाही म्हटलं की उठायचं नाही, थोडं थांबून पुन्हा विचारायचं, हा त्यांचा शिरस्ता. दगडाला पाझर फोडतील असे काका. काम झालं की इतकी नेटकी पट्टी बांधत, की घरच्यांना अंगावर कुठं काही केलंय असं वाटू नये.

जी माणसं शेवटपर्यंत नाहीच म्हणत, त्यांच्यावर मात्र ते घरी येऊन भडकत. जेवताना बोलत राहत. जाळून नाहीतर पुरून टाकायचंच आहे ना, मग द्यायला काय जातं यांचं? अडाणी लेकाचे. काकू मुकाट्यानं वाढत. एकदा त्यांनी पळी खाली ठेवली.

"मी गेले की माझी काढू नका," त्या म्हणाल्या.

काकांना वाटलं, चेष्टा करतेय.

"तुमचं काम चांगलंच आहे. पण मला नको. मला भीती वाटते, का ते सांगता येत नाही. मला आहे तशी अख्खी जाऊ द्या. आणि हे पोरीला सांगू नका. तिला वाटेल, आपली आई भित्री."

काकांनी चार गोष्टी सांगून पाहिल्या. तासाभरानं, त्यांच्या शिरस्त्याप्रमाणे, पुन्हा सांगून पाहिल्या. काकू म्हणाल्या, शब्द द्या. त्यांनी दिला, थोडा वैतागूनच.

काकूंचं हृदय पुढं थकत गेलं. एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच त्या खुर्चीत कलल्या. डॉक्टर येऊन गेले. लेक शेजारच्याच गल्लीत राहणारी, धावत आली. काकांनी बायकोला पलंगावर नीट निजवलं, कुशीवर वळवून पाठीखालची चुरगळलेली चादर सरळ केली, आणि त्या उघड्या पाठीकडं बघताना त्यांच्या मनात आलं, चांगली निघेल. पाठोपाठ नजर घड्याळाकडं गेली. इतक्या वर्षांचं वळण ते, त्याला काय कळतं हे कोण आहे! काकांना स्वतःची इतकी किळस आली की ते भिंतीला टेकून खाली बसले.

दुपारी सिस्टर कामाची पेटी घेऊन आली. ती रडली, मग काकांजवळ बसून हलक्या आवाजात बोलली. बेकरीत भट्टी भडकून भाजलेली एक बाई कालपासून वॉर्डात होती आणि फ्रीजमध्ये तिच्यापुरतीही कातडी उरली नव्हती. हे काकांना माहीतच होतं. काल त्यांनीच बरण्या पाहिल्या होत्या.

ते काही बोलायच्या आत लेकच म्हणाली, "द्या ना बाबा. आईला आवडलं असतं."

एक वाक्य सांगितलं की सुटका होती. आईनंच नको म्हटलं होतं, बस. लेकीनं ऐकलंही असतं. पण पोरीला न सांगण्याचा दुसराही शब्द दिलेला होता.

"मला नाही देववत," ते म्हणाले.

लेक म्हणाली, "दुसऱ्यांच्या घरी जाऊन मागता तुम्ही."

"हो."

सिस्टर काही वेळ तशीच बसली. ती पुन्हा विचारणार, हे काकांना ठाऊक होतं, तिला तसं त्यांनीच शिकवलं होतं. तिनं विचारलं. काकांनी मान हलवली. मग ती उठली आणि न उघडलेली पेटी घेऊन गेली.

दुसऱ्या शहरातून कातडी यायला दोन दिवस गेले. भाजलेली बाई वाचली, पण तोवर जखमेत जंतू शिरले होते आणि उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. कामावर परतल्यावर काका तिला बघायला गेले. पट्टीतला तो हात बघून बाहेर आले आणि जिन्यात बराच वेळ उभे राहिले. आपण बरोबर केलं असं त्यांना तेव्हा वाटलं नाही, नंतरही कधी वाटलं नाही. शब्द पाळल्याचं समाधान वगैरे बोलायच्या गोष्टी.

काम त्यांनी सोडलं नाही. फक्त कुणी नाही म्हटलं, की ते नमस्कार करून उठू लागले. कातडी कमी मिळू लागली. साहेबांनी दोनदा बोलावून विचारलं, काकांनी ऐकून घेतलं.

लेक येत राहिली, डबा आणत राहिली, पण बोलणं कामापुरतं उरलं. वर्षश्राद्धाला चार माणसं जमली होती. कुणीतरी काकांच्या कामाचं कौतुक काढलं, तेव्हा ती ताटं मांडता मांडता म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान. आईच्या वेळेला बाबा घाबरले."

सिस्टरनं मान खाली घातली. काकांनी लेकीकडं पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "आई धीराची होती. मीच घाबरलो."