आमच्या ह्यांचा ‘आउट’

आमच्या ह्यांना कुणाला नाही म्हणता येत नसे. भाजीत मीठच नाही? चालेल. मेकॅनिकनं गाडी आणखी चार दिवस ठेवून घेतली? चालेल. मग भांडायला मी! महाराष्ट्र मंडळात फटकळ म्हणून नाव झालं तेही माझंच.

तेव्हा आम्ही डेट्रॉइटजवळ राहायचो. हे वीकेंडला क्लबात टेनिस खेळायचे. एका हिवाळ्यात गावात व्यावसायिक पुरुष खेळाडूंची मोठी इनडोअर टूर्नामेंट आली. लाइनवर बसून बॉल आत पडला की बाहेर ते सांगायला क्लबातलीच माणसं घेत. ह्यांना विचारलं. हे काय म्हणणार? चालेल!

"अहो, तिथे ‘आउट’ म्हणून ओरडायचं असतं. वेटरनं भलतीच डिश आणली तरी तुम्ही मुकाट्यानं खाता!"

हे नुसते हसले. पण त्या आठवड्यात रोज बेसमेंटमधून "आउट, आउट" ऐकू यायचं. कसलं आउट! घसा बसल्यासारखं.

मॅचच्या दिवशी मी वरच्या रांगेत, हे खाली बेसलाइनच्या टोकाला खुर्चीवर. खेळणाऱ्यांतला एक नामांकित आणि तितकाच तापट. सेट अगदी अटीतटीला आलेला, आणि त्याचा बॉल नेमका ह्यांच्या लाइनपाशी पडला.

"आउट!"

काय खणखणीत आवाज! मी दचकलेच. तो गडी रॅकेट आपटून तरातरा ह्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. डोळे फुटले का, इथपासून सुरुवात. प्रेक्षक हुर्यो करायला लागले. उंच खुर्चीतल्या अंपायरनंही विचारलं, "नक्की?"

आता हे ओशाळं हसणार, चालेल म्हणणार आणि चारचौघांत शोभा होणार. देवा, आज एकदा तरी!

हे हसले नाहीत. ताठ बसून म्हणाले, "यस. आउट."

अंपायरनं पॉइंट दुसऱ्याला दिला. मी एकटीच टाळ्या पिटत होते. शेजारची बाई बघत राहिली, बघू दे!

परतताना बर्फ पडत होता. "अहो, हायवे नको, आतल्या रस्त्यानं चला," मी म्हटलं.

"नाही. तिथला बर्फ काढलेला नसतो. हायवेच बरा."

इतकी वर्षं प्रत्येक वळण मीच सांगत आले होते. किती दमले होते मी, बाई! सीट मागे केली आणि घर येईपर्यंत गाढ झोपले.