मुका मार

ताईच्या छातीवर आंबेहळदीचा लेप मीच लावला. दोन महिने, रोज, सहाणेवर उगाळून, कोमट करून. बागेत आंबे काढताना घळीचा, त्या जाळी लावलेल्या काठीचा, दांडा लागला होता, त्याचीच गाठ आली, असं तिनं ठरवलं आणि मी मान डोलावली. मुका मार, बसेल आपोआप. आमच्याकडे कुठेही सूज आली की पहिलं नाव याचंच. त्यात ती गाठ दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काळजी नाही, हे शहाणपण माझं. मी शाळेत विज्ञान शिकवते, बोला आता!

हंगाम सरल्यावर ताई एकदाची डॉक्टरकडे आली. रिपोर्ट बघून डॉक्टरबाई म्हणाल्या, न दुखणाऱ्या गाठीलाच जास्त घाबरायचं असतं. लेपाचं मी सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग ऑपरेशन झालं, केमो झाली, आणि वर्षभरात तो मेला कॅन्सर हाडांत उतरला. तिच्या प्रकारच्या कॅन्सरला नेहमीची औषधं पुरी पडेनात. मुंबईला एका नव्या औषधाची चाचणी होणार होती, त्या यादीत ताईचं नाव लागलं होतं. परवा फोन आला. संशोधनाचा निधी आटला, चाचणी थांबली. किती दिवस, मी विचारलं. पलीकडच्या बाईंना ठाऊक नव्हतं. मी त्यांच्यावरच ओरडले, त्या बिचारीचा काय दोष?

भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात माडाच्या रोगांवर वर्षानुवर्षं माणसं खपतात, आणि खपावंच, माडावर आमची पोटं आहेत. पण बाईच्या जिवाला कोण? देवळाच्या कळसाची वर्गणी आमच्या वाडीत कुणी नाकारत नाही, मीही दिली. औषध शोधणाऱ्यांसाठी वर्गणी मागायला कुणी दारात आलं नाही. मी तरी कुठे कुणाच्या दारात गेले? आता जाईन, पायऱ्या झिजवीन, पण ताईपाशी तेवढे दिवस नाहीत.

तिला हे अजून सांगितलेलं नाही. काल पेज भरवत होते. दोन चमच्यांतच तिला मळमळलं, तिनं हात आडवा केला. मग विचारलं, मुंबईचा फोन आला का. येईल म्हटलं, आणि वाटी बाजूला ठेवली.

"तारीख कळली की लगेच सांग गो," ती म्हणाली. "अंगात ताकद हवी ना."

आणि वाटी पुढ्यात ओढून, डोळे मिटून, तिनं उरलेली पेज संपवली.