पंपावरचा भाटकर

भाटकर आगीचा बंब जिभेने तपासायचा. रोज सकाळी आठला हजेरी झाली की तो गाडीच्या मागे जाई, पंपाखालचा निचऱ्याचा नळ अर्धा फिरवी, ठिबकणाऱ्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावी आणि पच्चकन थुंकून म्हणे, "गोडा." म्हणजे पंपात खारं पाणी राहिलेलं नाही, गाडी ठीक आहे. नवीन माणसाला हसू येई. हसलेला माणूस पुढचा महिनाभर होज धूत बसे, म्हणून दुसऱ्यांदा कोणी हसत नसे.

रत्नागिरीच्या त्या अग्निशमन ठाण्यात सगळे त्याला भाटकरकाका म्हणत. मी कधीच म्हटलं नाही. तोंडावर 'भाटकर, तुम्ही' आणि पाठीमागे 'तो म्हातारा'. त्याच्याबद्दल गोड गोड लिहायची माझी इच्छा नाही. तो खवट होता, संशयी होता, आणि माझ्या वाट्याला अकरा वर्षं आला होता.

मी खेडचा. फायरमन म्हणून रुजू झालो त्या दिवशी त्याने मला आपादमस्तक बघितलं आणि विचारलं, "कुठला रे तू?"

"खेडचा. कदम."

"म्हणजे जगबुडी नदीवाला. गोड्या पाण्यात वाढलेला." तो स्वतः केळशीचा, बाप खलाशी, त्यामुळे समुद्र त्याच्या घरचाच. "खाऱ्याची जात तुला कळायची नाय. तू आपला होज धर नि पुढे पळ. पंपाला हात लावलास तर मनगट मोडून ठेवीन."

आणि मला तर पंपच हवा होता. आगीच्या तोंडाशी जाऊन जाऊन गुडघे आणि छाती किती वर्षं टिकणार? ऑपरेटर गाडीच्या मागे उभा असतो, पुढच्या सगळ्यांचं पाणी त्याच्या हातात असतं. त्या जागेसाठी जुन्या ऑपरेटरने 'हा पंप स्वतंत्रपणे चालवू शकतो' असं लिहून सही द्यावी लागे. ती सही मी तीनदा मागितली. तिन्ही वेळा भाटकरने कागद घडी करून परत माझ्या खिशात कोंबला. "अजून नाय," एवढंच. कारण विचारलं तर, "कारण सांगून कळण्यासारखा असता तर तुला आधीच कळला असता."

ठाण्याच्या गाड्यांचा इतिहास कुठल्या कागदावर नव्हता, तो भाटकरच्या तोंडात होता, आणि तोही शिव्यांसकट. पहिली गाडी म्हणजे म्हातारी. पेट्रोलवर चालणारी, नाकावर पंप, टपाला पितळी घंटा, दोरीने वाजवायची. मोठ्या शहराने वापरून टाकलेली आमच्या गावाला मिळालेली. भाटकर क्लीनर म्हणून लागला तेव्हा ती शेवटच्या घटका मोजत होती. आपल्या गावातले चढ तिला झेपत नसत, म्हणून भाटकर हातात दगड घेऊन मागून चालायचा आणि ती थांबली की चाकाखाली दगड सारायचा. "आग लागली तिकडे, नि आम्ही निघालो वरातीसारखे चालत," तो सांगे. पण म्हातारीची कोणी टिंगल केली की अंगावर येई. "तिच्या पंपाने कधी दगा दिला नाय. तुमच्या बायकापोरांना वाचवलान तिने."

मग आली मधली. डिझेलची, मागे पंप, पोटात पाण्याची मोठी टाकी. ही त्याची खरी गाडी. पहिल्या दिवसापासून तिच्यावर ऑपरेटर तोच. पंपाच्या झडपेच्या झाकणाला त्याने स्वतःचं कुलूप घातलं होतं आणि किल्ली करदोट्याला. सगळ्यात शेवटी आली ती नवी, बटणांची, काचेवर हिरवे आकडे दाखवणारी. तिच्याकडे बघून तो म्हणाला होता, "ही गाडी नाय. हा मिक्सर हाय. चटणी वाटा."

एकदा एका शाळेत प्रात्यक्षिक होतं. मैदानभर पोरं, बाया, मास्तर. मी होज धरून ऐटीत उभा, पाय जुळवून, फोटोला उभं राहावं तसा. भाटकरने मागून माझ्याकडे बघितलं आणि पाण्याचा दाब एकदम वाढवला. मी सपशेल मागे, ढुंगणावर, चिखलात. सगळी शाळा खदाखदा हसली. तो सावकाश आला, मला उठवलं नाही, वरूनच म्हणाला, "पाय फाकवून उभा रहा. बोहल्यावर उभा हायस काय?" त्या दिवशी घरी जाऊन मी जेवलो नाही. बायकोला म्हटलं, हा माणूस एक दिवस माझ्या हाती सापडू दे.

तसा तो सापडला, आणि कसा ते ऐका.

बंदरावर आग लागली की आम्ही समुद्राचं पाणी खेचतो. दुसरं पाणी आणणार कुठून? पण काम झालं की पंप गोड्या पाण्याने वीस मिनिटं धुवायचा, सगळे नळ उघडून निचरा करायचा, हा आमच्याकडचा पहिला धडा. खारं पाणी पितळ खातं, झडपा खातं. भाटकर म्हणायचा, "खारा पाणी पाव्हणा नाय, घरजावई हाय. हाकलल्याशिवाय जात नाय."

शिमग्याचे दिवस होते. आपल्याकडे शिमग्याला माणूस बोटीवर असो की मुंबईत, गावी येतोच. भाटकर नऊ दिवसांच्या रजेवर केळशीला गेला होता. जाताना कुलपाची किल्ली नाइलाजाने माझ्याकडे दिली. माझ्या खेडच्या घरी दुसऱ्या दिवशी सकाळी देवीची पालखी यायची होती. नेमकी त्या दुपारी बंदरावर एका मच्छीमार होडीला आग लागली. मधली घेऊन गेलो, समुद्राचं पाणी खेचलं, आग विझवली. आयुष्यात पहिल्यांदा मी पंप चालवला, आणि चांगला चालवला. ठाण्यात परत आलो तेव्हा खेडच्या शेवटच्या एसटीला जेमतेम वीस मिनिटं होती. गाडीवरचे बाकीचे दोघे आधीच पळाले होते. मी गोडं पाणी सोडलं. दोन मिनिटं, फार तर तीन. मग वही काढली आणि छान अक्षरात लिहिलं, 'पंप गोड्या पाण्याने वीस मिनिटे धुतला', खाली सही. आणि एसटी गाठली. पालखी अंगणात नाचवली, देवीपुढे गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाण्यात काय मागितलं ते सांगायला आज लाज वाटते. ऑपरेटरची जागा मागितली.

नऊ दिवसांनी भाटकर परत आला. हजेरीनंतर गाडीच्या मागे गेला आणि तिथून ओरडला, "कदम!" मी गेलो. त्याचं बोट अजून ओलं होतं.

"धुतलास?"

"धुतला."

"खारा लागतोय मेल्या!"

"वही बघा."

"वहीला चव नसते," तो म्हणाला. मग तासभर गोडं पाणी सोडून त्याने पंप स्वतः धुतला, मला शिव्या घालत. किल्ली परत करदोट्याला गेली. पण हे सगळं त्याने वहीत लिहिलं नाही. लिहिण्यावर त्याचा विश्वासच नव्हता. ती त्याची चूक झाली, आणि मला ती पुरली.

महिन्याभराने लांज्याच्या रस्त्यावर एका काजूच्या कारखान्यात टरफलांचा ढीग पेटला. काजूच्या टरफलात तेल असतं, भडका असा की जवळ उभं राहवेना. टाकीतलं पाणी बघता बघता संपलं. विहिरीत पाईप सोडला, भाटकरने पंपाला ओढ दिली, आणि पाणी चढेना. झडप गच्च बसली होती. माझ्या हातातला होज मऊ पडला. मी वळून बघितलं तर भाटकर पान्याने झडपेवर घाव घालत होता आणि पंपाशी बोलत होता, "चल गो बाय, चल." कामावरच्या बायका बादल्या घेऊन धावत होत्या. त्या आमच्याकडे बघत नव्हत्या, तेच बरं होतं. दुसरी गाडी येईपर्यंत अख्खी शेड बसली. कोणाला इजा झाली नाही, पण त्या बायकांचं काम पावसाळा संपेपर्यंत बंद राहिलं. भाटकरने तिथेच रस्त्यावर झडप खोलली. आत पांढरट हिरवं पापुद्र्याचं मीठ, त्या नऊ दिवसांत धरलेलं, नंतरच्या तासभर धुण्यालाही न निघालेलं. ते त्याने माझ्या नाकाशी धरलं. "वास घे. बंदरावरचा हाय."

चौकशी झाली. साहेबांच्या खोलीत आम्ही सगळे. भाटकरने माझ्याकडे बोट केलं, "याने धुतला नाय. मी चाखून बघितला. एवढा मोठा खोटा लिहिलान याने."

साहेबांनी मला विचारलं. खरं सांगायची ती वेळ होती. पण समोर तो, तीच ती तुच्छ नजर, आणि मला ते मैदान आठवलं, हसणारी पोरं आठवली. मी म्हटलं, "धुतला साहेब. वहीत आहे."

वही आणली गेली. माझं अक्षर सुरेख, सही खाली. भाटकरची एक ओळ नाही. साहेब म्हणाले, "काय भाटकर, जिभेवर चौकशी चालवू का आता मी?" सगळे हसले. त्याने ज्यांना महिना महिना होज धुवायला लावले होते ते सगळे मनापासून हसले. एकानेही त्याच्या बाजूने तोंड उघडलं नाही. पेरलं होतं ते उगवलं, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं.

पंपाची जबाबदारी त्याची, म्हणून भाटकरला पंपावरून काढलं. निवृत्तीला दोन वर्षं होती, ती त्याने टेलिफोनपाशी बसून काढली. कुठे आग लागली, गाडी सोडा, एवढंच बोलायचं काम. मधली निकामी ठरून आवारात उभी राहिली. तिच्या टपावर कावळ्यांनी घरटं केलं. मला जागा मिळाली. सही साहेबांचीच चालली. आम्ही गाडी घेऊन निघालो की तो टेलिफोनच्या खोलीच्या दारात येऊन उभा राही आणि पंपाकडे बघत राही. माझ्याकडे नाही, पंपाकडे. मला त्याचा संताप येई. वाटे, शिव्या तरी घाल! निवृत्तीच्या दिवशी त्याने नारळ आणि शाल घेतली, भाषण केलं नाही, सगळ्यांशी हात मिळवला आणि मला वगळून पुढे गेला.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. मला वाटलं होतं, तो गेला की मी मोकळा. झालं उलटंच. बंदरावरून परत आलो की मी पंप वीस मिनिटं धुवायचो, मग वाटायचं पुरे नाही, मग चाळीस मिनिटं. हाताखालची माणसं कंटाळून जायची. अशी बारा-तेरा वर्षं गेली, आणि शेवटी एका रविवारी उठलो आणि केळशीला गेलो.

तो पडवीत जाळं विणत बसला होता. खूप वाळला होता. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं, "भाटकर, तेव्हा मी पंप धुतला नव्हता. खोटं लिहिलं. साहेबांसमोरही खोटं बोललो."

त्याने सुई थांबवली नाही. "हे मला कशाला सांगतोस? मला ठाऊक नव्हता काय?"

"मनाला लागून राहिलं म्हणून..."

"चव्हाट्यावर माझ्या तोंडाला काळा फासलास, नि पुसायला माझ्या पडवीत आलास?" आता त्याने वर बघितलं. "ज्यांच्यासमोर बोललास त्यांच्यासमोर सांग. हजेरीला उभा रहा नि सांग. पाय फाकवून."

त्याची बायको चहा घेऊन बाहेर आली. तो म्हणाला, "परत ने तो. त्याला घाई हाय. त्याला नेहमी एसटी गाठायची असते."

मी निघालो. वाटेत त्याला मनातल्या मनात किती शिव्या दिल्या असतील! एवढ्या लांब गेलो, कबूल केलं, तर घोटभर चहा नाही! आणि हजेरीला उभं राहून सांगायचं म्हणे. माझी पंचवीस वर्षांची नोकरी, माझी अब्रू, माझ्या हाताखालची माणसं. पुढच्या महिन्यात सांगू म्हटलं. मग साहेबांची बदली झाली, म्हटलं आता सांगून काय? मग चौकशीला हजर असलेला एकेकजण निवृत्त होत गेला. दोन वर्षं अशीच काढली.

यंदा फाल्गुनात केळशीहून फोन आला. भाटकर गेला. सकाळी जाळं घेऊन बसला होता, तसाच मान टाकून गेला.

दुसऱ्या दिवशी आठला हजेरी झाली. सगळे पांगायला लागले तेव्हा मी म्हटलं, थांबा, मला बोलायचंय. आठ माणसं समोर उभी. मी सगळं सांगितलं. बंदर, शिमगा, एसटी, वहीतली खोटी ओळ, काजूचा कारखाना, साहेबांची खोली. "भाटकरचा काही दोष नव्हता," मी म्हटलं. "दोष माझा होता. त्याच्यावर ढकलला मी."

ती माणसं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांतला एकही तेव्हा ठाण्यात नव्हता, हे माझ्या तिथे उभं राहून, सगळं बोलून झाल्यावर ध्यानात आलं. शेवटी एकाने अदबीने, मला वाईट वाटू नये अशा बेताने विचारलं, "कदमकाका, पण भाटकर म्हणजे कोण?"